गेटाला डोळे असतात का? डिप्पर मारून उघडणाऱ्या गेटचा पाठ



सहावीला 'प्रकाश व छायानिर्मिती' हा पाठ चालू होता. टॉर्च, पुठ्ठा, भिंतीवरची सावली असं सगळं झालं आणि शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, माझे पप्पा ज्यांच्याकडं ड्रायव्हर हाईत ना, त्यांच्या बंगल्याचं गेट गाडीनं दोनदा लाईट मारली की आपोआप सरकतं. गेटाला डोळं असत्यात काय?"

वर्गात एकच गलका. कुणी म्हणालं कॅमेरा असणार, कुणी म्हणालं आत वॉचमन बसून बटण दाबत असणार. मी शिक्षिकेच्या थाटात खडू घेतला आणि फळ्यावर काढून दाखवलं : गेटच्या खांबावर प्रकाश ओळखणारा सेन्सर, त्यावर हेडलाइटचा झोत पडतो, मोटार सुरू होते. रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागतात, तसंच हे. मुलांना पटलं. मलाही पटलं.

उत्तर चुकीचं होतं. पुढच्या पालकसभेत त्या मुलाचे वडील भेटले आणि हसत म्हणाले, "मॅडम, गेटावर लाईट बघणारं कायबी न्हाई. डबी गाडीत हाय." बंगल्याच्या मालकांनी ती उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली होती. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथं गेले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्या गावात गाडीच्या दिव्याने गेट उघडणं म्हणजे काही फार नवलाची गोष्ट नाही. पण ते कसं चालतं हे बघताना मला दोन-तीन चांगले पाठ मिळाले. एक गोष्ट अशीही कळली की त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तीही सांगते, क्रमाने.

आधी मुलांबरोबर करून बघा

माझं चुकीचं उत्तर वाया घालवायचं नाही असं मी ठरवलं. गेटवर खरंच प्रकाशाचा डोळा बसवला तर काय होईल, हे आम्ही वर्गातच करून पाहिलं. सामान साधं आहे आणि कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं : एक एलडीआर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक एलईडी, १ किलोओहमचे दोन रोध, ४७० ओहमचा एक रोध आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

एलडीआर म्हणजे उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा छोटा घटक. गडद अंधारात त्याचा रोध लाखो ओहम असतो, टॉर्च मारली की काहीशे ओहमवर येतो. बॅटरीच्या धन टोकापासून १ किलोओहमचा रोध, त्याच्यापुढे एलडीआर आणि तिथून ट्रान्झिस्टरचा बेस अशी जोडणी करायची. बेसपासून ऋण टोकाला दुसरा १ किलोओहमचा रोध. एमिटर थेट ऋण टोकाला. कलेक्टरच्या बाजूला एलईडी आणि ४७० ओहम, त्यांचं दुसरं टोक धन बाजूला. पहिला १ किलोओहमचा रोध गाळू नका. भर उन्हात एलडीआरचा रोध इतका खाली येतो की बेसमधून नको तेवढा प्रवाह जाऊन ट्रान्झिस्टर बाद होऊ शकतो.

जोडणी झाली. एलईडी हेच आमचं गेट. टॉर्च मारायच्या आधीच गेट उघडं! खिडकीतून येणारा उजेडच एलडीआरला पुरेसा होता. मुलं हिरमुसली. मग एकीने काळ्या कागदाची नळी करून एलडीआरवर बसवली. आता एलईडी विझला आणि नळीच्या तोंडातून टॉर्च मारली की पेटायला लागला. टाळ्या झाल्या. मग मी मुलांना एवढंच विचारलं : हे गेट तुमच्या घराला लावाल का?

इथून पुढे मला फारसं बोलावंच लागलं नाही. "मॅडम, समोरच्या वळणावरून ट्रक आला तरी उघडंल." "वीज चमकली तर?" "संध्याकाळी ऊन सरळ येतं आमच्या दारात." आणि शेवटी एकाने मुद्द्याचं सांगितलं, "चोराकडं टॉर्च असतीच की." उजेडाला नाव-गाव नसतं. हा झोत आपल्या गाडीचा की दुसऱ्याच्या, हे एलडीआरला कळायला मार्ग नाही. रेडिओवर चालणारे रिमोट स्वस्त होण्याआधी परदेशात हेडलाइटच्या झोतावर उघडणारी गॅरेजची दारं करून बघितली गेली होती. ती का मागे पडली, हे सहावीच्या मुलांनी दहा मिनिटांत शोधलं.

मग गाडीत काय बसवतात?

गेटच्या मोटारीबरोबर जो रिमोट येतो तो रेडिओलहरींवर चालतो, आपल्याकडे बहुतेक वेळा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. बटण दाबलं की रिमोट एक सांकेतिक क्रमांक हवेत सोडतो. गेटच्या मोटारीतला रिसीव्हर तो ओळखीचा आहे का बघतो, असेल तरच मोटार फिरते. उजेडाला नसलेलं नाव-गाव इथं आहे.

आता हेडलाइटचा संबंध कुठे येतो? रिमोटचं बटण बोटाने दाबण्याऐवजी अप्पर लाइटच्या वायरने 'दाबायचं', एवढंच. परदेशात यासाठी तयार डब्या मिळतात. एक वायर हेडलाइटच्या अप्परच्या वायरला, दुसरी गाडीच्या बॉडीला म्हणजे अर्थला. ठरावीक वेळात दोनदा डिप्पर मारला की डबी क्रमांक सोडते. मोटारसायकलवाल्यांना याचा जास्त उपयोग, कारण हातमोजे घालून खिशातला रिमोट काढायला नको. पण बाहेरून आणलेली डबी आपल्या गेटला चालेलच असं नाही. तिकडच्या बऱ्याच रिमोटची वारंवारता वेगळी असते. पाव्हण्यांनी अमेरिकेतून आणलेली डबी इथल्या गेटपुढे मुकी होते.

उद्यमनगरातल्या दादांनी केलेलं असं : गेटच्या मोटारीबरोबर आलेला जादाचा रिमोट उघडला, बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी डाग दिल्या आणि त्या एका छोट्या १२ व्होल्टच्या रिलेच्या संपर्कांना जोडल्या. रिले म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण. आत तारेचं वेटोळं असतं, त्यात प्रवाह गेला की ते चुंबक होतं आणि पट्टी ओढून घेतं. खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलायचा प्रयोग आपण करतोच. तोच इथं कामाला लावलाय. वेटोळ्याला अप्परच्या वायरचा करंट दिला. डिप्पर मारला, रिलेने पट्टी ओढली, रिमोटचं बटण दाबलं गेलं, गेट उघडलं.

"झालं की मग दादा," मी म्हटलं.

"कुठलं ओ ताई," ते म्हणाले, "पहिल्यांदा असंच केलं आणि चारच दिवसांत रिमोटचा सेल संपला."

का संपला, हा प्रश्न मी जसाच्या तसा वर्गात विचारला. तुम्हीही विचारा. उत्तर असं : रात्री हायवेला गाडी अप्परवर चालली की रिले ओढलेलाच राहणार, म्हणजे रिमोटचं बटण अर्धा अर्धा तास दाबलेलं. शिवाय घराजवळ समोरच्या टेंपोला डिप्पर दिला तरी गेट उघडणार. आपल्याकडे ओव्हरटेक करताना, वळणावर, म्हैस आडवी आली तरी डिप्पर मारतात, त्यामुळे हे व्हायचंच. म्हणून मध्ये मोजणारं काहीतरी हवं. दादांच्या भाच्याने, तो तंत्रनिकेतनात शिकतो, एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर तेवढंच काम बसवलं : तीन सेकंदांत दोनदा अप्पर लागून विझला तरच रिलेला अर्धा सेकंद करंट द्यायचा, एरवी गप्प बसायचं. या मोजणाऱ्या पट्टीला वेगळा करंट लागतो, तो चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या वायरवरून घेतलेला. रोज घरी येताना समोरून कुणी येत असेल तर काय, यावर त्यांनी डॅशबोर्डखाली एक साधं बटणही दिलंय. ते बंद केलं की सगळी भानगड बंद. मला तो भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

बसवून घ्यायचं असेल तर

पालकांपैकी कुणाला हे करायचं असेल म्हणून दादांकडून समजून घेतलेलं थोडं लिहिते. मी स्वतः पाना हातात घेतलेला नाही. काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, पण तो काय करतोय हे आपल्याला कळलं पाहिजे.

सुरुवात बॅटरीचं ऋण टोक काढून. ऋणच का, हे मुलांनाही सांगण्यासारखं आहे. गाडीची सगळी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. ऋण टोक सोडवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. धन टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, की थेट शॉर्ट.

मग अप्परची वायर शोधायची. अर्थात शोधताना करंट लागतोच, तेव्हा टोक परत जोडून मोजायचं आणि जोडणी करताना पुन्हा काढायचं. बऱ्याच गाड्यांत एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा, तीन पायांचा : एक अप्परचा, एक डिप्परचा, एक सामाईक. इथं एक फसवणूक आहे. आपण समजतो की सामाईक पाय अर्थ असणार आणि अप्परच्या पायाला १२ व्होल्ट येणार. पण काही गाड्यांत, विशेषतः जपानी धाटणीच्या, उलटं असतं. सामाईक पायालाच १२ व्होल्ट येतात आणि स्विच अप्परचा पाय अर्थला जोडतो. अंदाजाने जोडलं तर रिले भलत्याच वेळी ओढेल. म्हणून मल्टिमीटर लावूनच ठरवायचं. नव्या गाड्यांतल्या एलईडी हेडलाइटला तर वायर कापून हात घालूच नये. तिथं दिव्याचा कारभार गाडीचा संगणक बघतो आणि कापलेल्या वायरीमुळे वॉरंटीचा वाद उभा राहतो. मूळ वायर न कापता कपलरच्या मध्ये बसणारा जोड मिळतो का, ते आधी विचारा.

इथं सातवी-आठवीच्या मुलांना एक छान गणित देता येतं. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर किती प्रवाह घेतो? ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. दोन बल्बचे १०. आणि ४०० ओहमच्या वेटोळ्याचा रिले? १२ भागिले ४००, म्हणजे ०.०३ अँपिअर. हत्तीच्या वाटेवर मुंगी. म्हणून आपल्या जोडणीत अगदी सुरुवातीलाच, जिथून वायर घेतली तिथंच, १ अँपिअरचा फ्यूज घालायचा. हेडलाइटचा मोठा फ्यूज आपल्या बारीक वायरीला वाचवणार नाही. ती घासून बॉडीला लागली तर तो फ्यूज जायच्या आधी वायर तापून तिचं प्लास्टिक पेटेल. गाडीला आग लागायला एवढं पुरतं. रिलेच्या वेटोळ्यावर एक डायोडही उलटा लावतात, कारण करंट तुटताना वेटोळं मोठा झटका देतं आणि त्यात मोजणारी चिप मरते.

जोड पिळून टेप गुंडाळण्यावर दादांचा भारी राग. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो आणि आपल्याकडे पावसाळा कसा असतो हे सांगायला नको. डाग देऊन वर आकसणारी नळी चढवायची, वायर पत्र्यातून नेताना भोकाला रबरी बूच. डबी बॉनेटखाली ठेवण्यापेक्षा डॅशबोर्डखाली बरी, पण चारी बाजूंनी पत्रा येईल अशी नको. रेडिओलहरी पत्र्यात अडकतात. मुलांना हे दाखवायचं असेल तर छोटा रेडिओ चालू करून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून बघा.

दुचाकीवाल्यांसाठी एक. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो. त्यामुळे 'दिवा लागला की उघड' असं करून चालत नाही, वायर अप्परचीच किंवा पास स्विचची घ्यावी लागते.

रिमोटबद्दलही विचारून ठेवा. स्वस्त रिमोट दर वेळी एकच क्रमांक सोडतात आणि असे रिमोट बाजारात सहज कॉपी करून मिळतात. चांगल्या मोटारीच्या रिमोटचा क्रमांक दर वेळी बदलतो. शिवाय गाडीत बसवलेली डबी म्हणजे घराची किल्ली गाडीत ठेवल्यासारखंच. गाडी गॅरेजला सोडताना ते डॅशबोर्डखालचं बटण बंद केलेलं बरं.

आता गेटचा डोळा

इतकं सगळं बघून मी निघणार होते. सहज म्हणून विचारलं, "दादा, गाडी लांबून डिप्पर मारते, तेव्हा गेटाजवळ कोणी उभं असलं तर?"

ते म्हणाले, "त्याला डोळा असतो की."

म्हणजे मुलाचा प्रश्न बरोबरच होता! सरकत्या गेटच्या दोन्ही बाजूंना, खाली, दोन छोट्या डब्या समोरासमोर असतात. एकीतून न दिसणारा अवरक्त किरण निघतो, दुसरी तो बघत असते. मध्ये मांजर, पाय, चेंडू, काहीही आलं की किरण तुटतो आणि बंद होणारं गेट थांबतं किंवा मागे फिरतं. आमच्या वर्गातल्या एलडीआरचाच हा हुशार भाऊ. तो गाडीकडे बघत नाही, वाटेत कोण आहे ते बघतो. अमेरिकेत गॅरेजच्या दाराखाली मुलं सापडून मृत्यू होऊ लागले, तेव्हा कायदा झाला आणि १९९३ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती दार-मोटारीला अशी सोय सक्तीची झाली. किरण जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नको असाही नियम आहे, कारण रांगणारं मूल उंच किरणाखालून जातं.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात एक खेळ घेतला. एक मूल डिप्पर, टाळ्या वाजवणार. एक मोजणारी चिप. दोघं मिळून गेट, बाक सरकवणार. एक जण डोळा, वाटेत काही आलं तर "थांब" ओरडणार. आणि वाटेत दप्तर. दोन टाळ्या, बाक सरकला, डोळा ओरडला, बाक थांबला. मग मी डोळ्याला जागेवर बसवलं आणि परत खेळायला सांगितलं. चिप दप्तराकडे बघतच नव्हती, तिचं लक्ष टाळ्यांवर. बाक दप्तरावर गेला, डबा वाजला. वर्ग हसला. तो प्रश्न विचारणारा मुलगा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत आला. "मॅडम, त्या गेटाला डब्या हाईत, पण मी मधी पाय घातला तरी गेट थांबलं न्हाई. पप्पांनी लगेच ओढलं मला."

मी आधी त्याला चांगलं झापलं. गेट तपासायचं तर पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचं, पाय नाही, आणि तेही मोठं माणूस सोबत असताना. ही चूक माझीही, खेळ घेतानाच मी ते सांगायला हवं होतं. तुम्ही हा खेळ घेतलात तर आधी सांगा. मग वडिलांना फोन केला. त्यांनी मालकांना सांगून मोटारीचं झाकण उघडायला लावलं. आत डोळ्याच्या दोन टोकांमध्ये वायरीचा एक तुकडा टाकलेला होता, म्हणजे जंपर. पावसाळ्यात काचेवर चिखल उडून गेट मध्येच अडायचं, तक्रार आली आणि ज्याने कोणी दुरुस्ती केली त्याने डोळाच कायमचा मिटून टाकला. काच फडक्याने पुसली असती तरी भागलं असतं. आणि त्या गेटला वीस सेकंदांनी आपोआप बंद व्हायची वेळही लावलेली. बंगल्यात दोन लहान नातवंडं आहेत.

२०२४ च्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवड भागात लोखंडी सरकतं गेट अंगावर पडून एका चिमुकलीचा जीव गेला, ते तुमच्या लक्षात असेल. ते मोटारीचं नव्हे तर गेटच रुळावरून सुटण्याचं प्रकरण होतं, पण जड गेट म्हणजे काय हे त्यातून कळतं. म्हणून सरकत्या गेटाला रुळाच्या दोन्ही टोकांना मजबूत अडथळे आणि वर आधाराचे रोलर आहेत ना, तेही बघून घ्या. वीज गेल्यावर मोटार सोडवायची छोटी किल्ली कुठे ठेवली आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवं. वर-खाली होणाऱ्या मोटारीच्या शटरसाठी तपासणी सोपी : खाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून शटर बंद करायचं. फळीला टेकून ते परत वर गेलं पाहिजे. नुसतं थांबून दाबत राहिलं तर त्याला दुरुस्ती हवी.

बंगल्याच्या मालकांनी जंपर काढून घेतला, आपोआप बंद होणं रद्द केलं आणि डोळ्यांच्या वर पत्र्याची छोटी झापड लावली, चिखल उडू नये म्हणून. मुलाच्या वडिलांकडे आता दर सोमवारी दोन्ही काचा पुसायचं काम आहे. डिप्परची डबी तशीच चालू आहे.

आमच्या वर्गातला एलडीआर काळ्या नळीसकट कपाटात ठेवलाय. पुढच्या महिन्यात एलईडीच्या जागी छोटी खेळण्यातली मोटार बसवायचं मुलांच्या मनात आहे. तुमच्या वर्गात कुणी मोटार जोडून बघितली असेल तर खाली जरूर लिहा. आमचा ट्रान्झिस्टर मोटारीचा भार पेलत नाहीये आणि मुलं माझ्यामागे लागली आहेत.